हिशोबाची वही : आखाजीपर्यंत थांबलेला कापूस

ताई, 40 क्विंटल कापूस घरात पडून आहे. व्यापारी 7,200 म्हणतो. मुलीचे पप्पा म्हणतात, दहा हजार झाल्याशिवाय हात लावायचा नाही, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, थांबू. पण मुलीच्या कॉलेजची फी भरायला दिवाळीनंतर गावातल्या एकाकडून शेकडा दोननं लाख रुपये घेतलेत. गेल्या वर्षी चाळीसचा एकोणचाळीस भरला होता. विकावा की थांबावं?
— एक भगिनी, चोपडा तालुका

ताई, दहा हजाराचा आकडा तुमच्या घरात कुठून आला, ते मला माहीत आहे. 2021-22 च्या हंगामात कापूस दहा हजाराच्या वर गेला होता. पुढच्या वर्षी सगळ्यांनीच घरं भरून ठेवली. मी तेव्हा बँकेच्या पाचोऱ्याच्या शाखेत होते. पीककर्जाच्या वसुलीला एका घरी गेले, तर पुढची खोली छतापर्यंत पांढरी आणि खाटा अंगणात. बाई हात खाजवत चहा घेऊन आली. भाव मात्र वर जायचा सोडून खाली खाली येत गेला.

म्हणून भावाचा अंदाज मी सांगणार नाही. थांबण्याचं भाडं तेवढं सांगते.

आज विकलात तर 40 गुणिले 7,200, म्हणजे 2,88,000 रुपये. आता सहा महिने थांबा. शेकडा दोन ऐकायला बारीक वाटतं, पण ते महिन्याचं आहे. वर्षाचे 24 टक्के झाले. लाखावर महिन्याला दोन हजार, आखाजीपर्यंत 12,000. उरलेले 1,88,000 बँकेत सहा टक्क्यांनी ठेवले असते तर सहा महिन्यांत 5,640 मिळाले असते. ते मिळणार नाहीत, म्हणजे तेही गेलेच. (हे गेलेले पैसे कुणाला दिसत नाहीत, म्हणून घरातल्या भांडणात त्यांची बाजू कुणी घेत नाही.) म्हणजे आखाजीला हातात 3,05,640 पडले, तरच आजच्या 2,88,000 इतके झाले. आणि तोवर कापूस भरणार 39 क्विंटल. भागाकार करा : 7,837.

मुलीचे पप्पा आखाजीला 7,700 नं विकून पेढे घेऊन येतील. “बघ, पाचशे वाढले!” म्हणतील. त्या दिवशी तुम्ही 5,340 रुपयांनी मागे असाल. पेढे खा, पण हा कागद त्यांच्यासमोर ठेवा.

मग थांबूच नये का? तसंही नाही. 2025-26 च्या हंगामासाठी हमीभाव मध्यम धाग्याला 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 आहे. तुमचा माल कशात बसतो ते सीसीआयच्या, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, केंद्रावर ठरेल. आपण कमीतला धरू. क्विंटलला 510 जास्त, चाळीसचे 20,400. नंबर लागायला महिना गेला तर त्या महिन्याचं भाडं किती? व्याजाचे 2,000 आणि बँकेचे बुडालेले 940. एवढ्यासाठी महिनाभर थांबणं परवडतं. हे थांबणं वेगळं, कारण पुढचा भाव जाहीर झालेला आहे, नुसता मनातला नाही. त्यांच्या कपास किसान ॲपवर नोंदणी झाली आहे का ते आज बघा, आणि कापूस वाळलेला न्या. 12 टक्क्यांच्या वर ओलावा निघाला तर गाडी परत येते.

नोंदणी नसेल किंवा माल बसला नाही, तर 14 क्विंटल लगेच व्यापाऱ्याला घाला. 1,00,800 येतात. त्या माणसाचा लाख त्याच संध्याकाळी नेऊन द्या आणि सही केलेला कागद परत घ्या. उरलेल्या 26 क्विंटलवर आखाजीपर्यंत खुशाल वाट बघू द्या त्यांना.

2019 मध्ये हप्त्यांवर मोबाइल घेतला होता. मध्ये काम सुटलं. शेवटी फायनान्सवाल्यानं फोन करून 4,200 रुपये सोडून दिले, बाकीचे भरून घेतले. आता घरकर्जाला गेलो तर बँक म्हणते सिबिल स्कोअर कमी आहे, 612. मी तर सेटलमेंट केली होती!
— एक वाचक, धुळे

भाऊ, घोळ त्या शब्दातच आहे. आपल्याकडे सेटलमेंट म्हणजे वाद मिटला, चहा झाला. क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदवहीत, ‘सेटल्ड’ याचा अर्थ : या माणसानं पूर्ण पैसे दिले नाहीत, आम्ही सोडून दिले. तुम्हाला हवा तो शब्द ‘क्लोज्ड’. फायनान्सवाला हे फोनवर सांगत नाही, कारण त्याला महिनाअखेरची वसुली दाखवायची असते.

त्या कंपनीला लेखी विचारा की उरलेली रक्कम भरली तर खातं ‘क्लोज्ड’ दाखवाल का. हो म्हणाले तर 4,200 आणि वर जे निघेल ते भरा, थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. जानेवारी 2025 पासून कंपन्यांना किमान दर पंधरा दिवसांनी माहिती कळवावी लागते, त्यामुळे नोंद बदलायला पूर्वीइतका काळ लागत नाही. आकडा मात्र हळूहळूच चढेल. मुख्यतः पुढचे हप्ते वेळेवर गेले की चढतो. ‘पाच हजारांत सिबिल वाढवून देतो’ म्हणणारे धुळ्यातही असतील. त्यांना दारातूनच वाटेला लावा.

देशात असे रिपोर्ट ठेवणाऱ्या चार संस्था आहेत, सिबिल त्यातली एक. चौघींकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तो मागवा आणि चष्मा लावून वाचा. चूक सापडली तर तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी.

आणि हो, त्यात तुम्ही जामीन राहिलेली कर्जंही दिसतील. चुलतभावाच्या ट्रॅक्टरला लग्नाच्या मांडवात सही केली असेल, तर ती बँकेला तुमच्याआधी आठवते.

निवृत्तीचे आठ लाख आलेत. बँक 7 टक्के देते, गावातली पतसंस्था 11. चार टक्क्यांनी एवढा काय फरक पडतो?
— एक निवृत्त शिक्षक, नंदुरबार जिल्हा

सर, 72 ला व्याजदरानं भागलं की पैसे दुप्पट व्हायची वर्षं निघतात. सातनं दहा वर्षं, अकरानं साडेसहा. फरक मोठाच आहे, म्हणून तर माझी आई भुलली.

2007 मध्ये तिनं 60,000 एका पतसंस्थेत ठेवले. संस्था बसली. 2017 मध्ये मुद्दल तेवढं हातात आलं, व्याज शून्य. शेजारणी म्हणाल्या, “मिळाले ना माय, नशीब!” बँकेत सात टक्क्यांनी त्याचे 1,18,000 झाले असते. आई बँकेच्या भाषेत बोलत नाही. ती जळगावच्या सराफ बाजारात जाऊन आली आणि म्हणाली, “तेव्हा यात साडेपाच तोळे आले असते, आता दोन येतात.” माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत पैशाची किंमत काळासोबत कशी उतरते हे मला इतक्या कमी शब्दांत कधी सांगता आलं नाही.

बँक बुडाली तर एका ठेवीदाराला एका बँकेमागे 5 लाखांपर्यंत विमा आहे. नागरी सहकारी बँकेलाही तो लागू आहे, पतसंस्थेला नाही. ते चार टक्के याच गोष्टीचे मिळतात. पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात, म्हणून एका बँकेत सगळे नकोत. दोन वेगळ्या बँकांत चार-चार लाख टाका, व्याज तिमाहीला खात्यात घ्या.