दुष्काळात हरणं-मोरांसाठी राखलेल्या एकरभर रानाला पाणी द्यावं का, आणि कसं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बीड जिल्ह्यात तुम्ही वडिलोपार्जित रानातलं एक एकर हरणं, मोर, ससे यांच्यासाठी राखलंय, खरिपात बाजरी-मूग टाकलं ते पावसाअभावी गेलं, आता रब्बीची ज्वारी गुडघ्याला लागून सुकायला लागलीय, बोअर तासभर चालला की गुळण्या टाकतो, आणि तुम्ही विचारताय की ठिबक टाकू, तुषार लावू का सरळ टँकर विकत घेऊन पाणी सोडू. आधी मनापासून सांगतो, एक एकर रान जनावरांसाठी सोडणारा माणूस आमच्या भागातही फार सापडत नाही, तुमच्यासारखी माणसं टिकली पाहिजेत म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

मी कर्जत-करमाळा पट्ट्यातला, रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आमच्यापासून लांब नाही. ते अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं, त्यामुळे काळवीट तिथं कोंडून राहत नाही, आजूबाजूच्या शेतांत, माळावर, गायरानात फिरतंच. आमचं पण माळाला लागून दीड एकर हलकं रान आहे, ते आम्ही गेली बरीच वर्षं असंच ठेवलंय. २०१८ ला पाऊस दगा देऊन गेला, ३१ ऑक्टोबरला सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, आणि पुढचा २०१९ चा उन्हाळा नगर, बीड, सोलापूरकडच्या माणसांनी चारा छावण्यांत काढला. त्या वर्षात मी जे केलं, त्यातलं बरंचसं चुकलं आणि थोडं जमलं, त्यावरून सांगतोय.

सगळ्यात आधी ज्वारी, कारण ती वाट बघणार नाही. गुडघ्याएवढी, पाण्याचा ताण बसलेली ज्वारी ही रवंथ करणाऱ्या जनावराला विष आहे. आपल्याकडं त्याला किराळ लागणं म्हणतात. कोवळ्या ज्वारीत एक पदार्थ असतो, पोटात गेल्यावर त्यातून सायनाईडच तयार होतं, आणि तो कोवळ्या पानांत, फुटव्यांत आणि ताण बसलेल्या झाडात जास्त असतो. मी काय केलं, ज्वारी वाळून चाललीय म्हणून जीव तुटला आणि हाताशी होतं तेवढं पाणी चार सऱ्यांना सोडलं, पिकाला पुरेल एवढं ते नव्हतंच, पण बुडातून हिरवेगार पोंगे फुटले, बघून बरं वाटलं, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी आमच्याच दोन मेंढ्या त्यात शिरल्या, तोंडाला फेस, धाप, डॉक्टर यायच्या आत गेल्या. काळवीट असं मेलेलं मी स्वतः बघितलेलं नाही, पण तेही रवंथ करणारंच जनावर आहे, आणि आपण त्याच्यासाठी म्हणून मांडलेल्या ताटात असला धोका ठेवायचा का, एवढाच विचार करा.

म्हणून ज्वारीचं असं करा. जेवढ्या ज्वारीला फुलोऱ्यापर्यंत नेण्याइतकं पाणी नक्की आहे तेवढीच ठेवा, मग ती दहा सऱ्या असो का पाच, आणि ती मोठी होईपर्यंत काटेरी फांद्या टाकून, जुन्या साड्या बांधून जनावरं बाहेर ठेवा. फुलोऱ्यात आली की धोका उतरतो. बाकीची आत्ताच उपटून टाका, कापू नका, कापली की खुंटातून परत पोंगे येतात. आपल्याकडं रब्बीची ज्वारी उपटूनच काढतात, तेच इथं कामाला येतं. उपटलेली चांगली कडक वाळवून कडब्यासारखी पेंढ्या करून ठेवा, नीट वाळली की विषाचा बहुतेक अंश उडून जातो, आणि उन्हाळ्यात तेच टाकायला कामाला येईल. पुढच्या वर्षी वन्यजीवांसाठी पेरायचं असेल तर ज्वारीऐवजी बाजरी घ्या, बाजरीत ही किराळाची भानगड नाही.

आता पाण्याचा हिशोब. एक टिपाड घ्या दोनशे लिटरचं आणि मोबाईलचं घड्याळ लावा. समजा टिपाड सहा मिनिटांत भरलं तर तुमचा बोअर तासाला दोन हजार लिटर देतोय. आता एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर, त्यावर एक मिलिमीटर पाणी द्यायचं तर १०० लिटर लागतात, एकराला म्हणजे ४० गुंठ्यांना ४००० लिटर. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं उघड्यावरचं पाणी दिवसाला आठ-दहा मिलिमीटर सहज उडतं, हिरवं गवत जेमतेम टिकवायचं म्हटलं तरी दिवसाला सहा मिलिमीटर धरा. म्हणजे एकराला रोजचे २४ हजार लिटर. तुमच्याकडं आहेत दोन हजार. दहा हजार लिटरचा टँकर एकरात ओतला तर अडीच मिलिमीटर होतं, संध्याकाळपर्यंत माती जशीच्या तशी कोरडी. मी दोन टँकर असे घातलेत, पैसे गेले ते गेलेच, पण गावात बाया हंडा घेऊन रांगेत उभ्या असताना माझा टँकर हरणांच्या रानात रिकामा होताना लोकांनी बघितला, आणि त्यानंतर वर्षभर जो राग त्यांच्या मनात राहिला तो माझ्यावर कमी आणि हरणांवर जास्त होता. हे मला आजही लागतं. तेव्हा टँकर विकत घेऊन रान भिजवू नका.

याच हिशोबाने उन्हाळ्यात तुमच्या बोअरला दोन गुंठे हिरवं गवत झेपतं आणि वर सात-आठशे लिटर प्यायला उरतात. माझं सांगणं एवढंच आहे की एकराचा हट्ट सोडा. दोन गुंठे हिरवं, एक पाणवठा, आणि बाकी रान वाळलेलं उभं राहू द्या. वाळलेलं रान वाया गेलं असं वाटतं आपल्याला, कारण आपल्या डोळ्यांना हिरवं बघायची सवय, पण माळावरची जनावरं पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर, बोराच्या पाल्यावर, बाभळीच्या शेंगांवरच निघालीत. वेडी बाभूळ आपण कितीही नावं ठेवो (आणि ठेवलीच पाहिजेत, माळ खाऊन टाकला तिने), उन्हाळ्यात काळविटं तिच्या शेंगा आवडीने खातात. त्यामुळे त्या एकरातलं काहीही पेटवू नका, नांगरू नका, शेळ्या घालू नका. ते उभं वाळलेलं गवत हेच तुमचं साठवलेलं धान्य. चिंकारा तर पाल्यातल्या ओलाव्यावर बरेच दिवस काढतो, काळविटाला मात्र उन्हाळ्यात पाणी लागतं, आणि मोराला रोज लागतं.

दोन गुंठ्यांत काय लावायचं? लसूणघास लावू नका, मी लावला होता, पाणी फार पितो आणि ओला कोवळा घास भुकेल्या पोटी खाल्ला की पोटफुगी होते. मारवेल लावा. आपल्या मातीतलं गवत आहे, ताण सोसतं, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्याचे सुधारित वाणही काढलेत, ठोंब आणून फूटभर अंतरावर लावायचे. एकदा मूळ धरलं की महिना-दीड महिना पाणी तुटलं तरी वरून वाळतं पण बूड जिवंत राहतं आणि पहिल्या पावसाला परत फुटतं. कडेने पवन्या किंवा अंजन गवताचं बी टाकून ठेवा, त्याला पाणी द्यायचं नाही, ते पावसाची वाट बघेल.

पाणी द्यायच्या पद्धतीबद्दल: तुषार नको, मे महिन्याच्या वाऱ्यात बरंच पाणी हवेतच जातं. ठिबक चांगलं आहे पण रानात उघडं टाकलेलं ठिबक दुष्काळात टिकत नाही, खारी, उंदीर, साळिंदर सगळे तहानेने नळ्या कुरतडतात, माझ्या एका महिन्यात एवढ्या जोडण्या झाल्या की नळीपेक्षा जॉइनर जास्त दिसायचे. मग नळ्या तीन-चार इंच मातीत पुरल्या, वर कडब्याचं जाड आच्छादन टाकलं, आणि मुख्य म्हणजे दहा-बारा पावलांवर उथळ पसरट भांडी पाण्याने भरून ठेवली, तेव्हा कुरतडणं कमी झालं. त्यांना नळीचं काही वेड नसतं हो, पाणी पाहिजे असतं. ठिबकाचा खर्च नको असेल तर लहान लहान वाफे करा, दहा बाय दहा फुटांचे, आणि पाईपने एकेक वाफा भरा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदा पण खोल, रोज थोडं थोडं शिंपडून मुळं वरवर येतात. लाईट रात्रीची असेल तर पाणी रात्रीच द्यायला लागेल, ते उडायच्या हिशोबानेही बरं. फक्त एकटे जाऊ नका, बिबट्या आता उसाच्या पट्ट्यातून सगळीकडं पोचलाय, शिवाय ओल्या जमिनीत लोळायला रानडुकरं येतात आणि ती अंधारात अंगावर येऊ शकतात. डुकरांनी वाफे उकरले तर वैतागू नका, कडेला एका जागी थोडा चिखल त्यांच्यासाठी वेगळा ठेवा.

पाणवठ्यावर मात्र वेळ आणि पैसा दोन्ही घाला, खरं काम तोच करतो. बशीच्या आकाराचा, सिमेंटचा, आठ फूट व्यास आणि मधोमध नऊ इंच खोल, साधारण साडेतीनशे लिटर बसतं. कड जमिनीला सपाट आणि उतार हळू पाहिजे, म्हणजे पाडस, ससा, तितराचं पिल्लू आत गेलं तरी चालत बाहेर येतं, मध्ये चार खडबडीत दगड ठेवा, मधमाशा आणि लहान पाखरं त्यावर बसून पितात. जागा उघडी निवडा, चारी बाजूंनी लांबवर दिसेल अशी, कारण काळवीट झुडपाच्या आडोशाला पाणी प्यायला बिचकतं, पळायला मोकळं रान लागतं त्याला. रस्त्यापासून आणि वस्तीपासून जितकं लांब तितकं चांगलं. आमच्याकडं हरणाचा खरा काळ म्हणजे गावातली मोकाट कुत्री, पाणवठा वस्तीजवळ केला तर कुत्र्यांना आपण शिकार दाखवून दिल्यासारखं होतं. दोन-तीन दिवसांनी घासून धुवा, शेवाळ आणि डास दोन्ही जातात. आणि पाणवठा सुरू करायच्या आधी तुमच्या भागातल्या वनरक्षकाला सांगून ठेवा, जिथं जनावरं गोळा होतात तिथं फासे लावणारेही येतात, तेव्हा वनखात्याची एखादी चक्कर तिकडं व्हायला पाहिजे.

एकदा पाणी सुरू केलं की पाऊस पडेपर्यंत बंद करायचं नाही, हे आधीच ठरवा. जनावरं पंधरा दिवसांत त्या जागेच्या भरवशावर राहायला लागतात, आणि ऐन मे महिन्यात तुम्ही पुण्याला लग्नाला गेलात आणि मोटर जळाली तर ती बिचारी कुठं जातील? शेजाऱ्याच्या विहिरीत. यावरून आठवलं, तुमच्या किंवा शेजारच्या विहिरीला कठडा नसेल तर पाणवठ्याआधी तो बांधा, निदान काट्याचं कुंपण करा. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं असेल तर त्याहून वाईट, त्या घसरड्या कागदावरून जनावराला वर येताच येत नाही, भोवती जाळी मारा आणि चारही बाजूंनी काठापासून तळापर्यंत जाड नायलॉनची जाळी किंवा दोराला बांधलेले जुने टायर सोडा. हे काम एका दिवसाचं आहे आणि त्याने वाचणारी जनावरं दोन गुंठे गवताने वाचणाऱ्यांपेक्षा जास्त असतील.

मोरांबद्दल एकच. पाटोदा तालुक्यातलं नायगावचं मयूर अभयारण्य तुमच्याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे मोर येणारच. त्यांना दाणे टाकायचे असतील तर घरचे खायचे दाणे टाका, पेरणीतून उरलेलं औषध लावलेलं बियाणं कधीच नाही, त्याने मोर मरतात. आणि शेजाऱ्यांनाही हात जोडून सांगा की असं बियाणं बांधावर उघडं टाकू नका, मातीत पुरा. शेजाऱ्यांचं पीक हरणांनी खाल्लं तर त्यांचा पंचनामा होऊन भरपाई मिळावी म्हणून तुम्ही स्वतः त्यांच्याबरोबर वनखात्याच्या ऑफिसला जा, अर्ज भरून द्या. आमच्या गावातला टँकरचा राग उतरायला सुरुवात झाली ती मी हे करायला लागल्यावर.

आत्ता लगेच ज्वारीचं बघा, बाकीचं पुढच्या आठवड्यात केलं तरी चालेल. आणि टिपाड किती मिनिटांत भरलं ते इथंच खाली लिहा, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा मोजून, म्हणजे दोन गुंठे झेपतील का एकच ते बघून वाफ्यांची आखणी सांगतो. मारवेलचे ठोंब मिळाले नाहीत तर आमच्याकडं आहेत, एक पोतं भरून देईन.