वाचकांचे प्रश्न : बोट ओढायची तर गाडी कोणती?

प्रश्न : मी फोंड्याला राहतो. गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर मी एकोणीस फुटी फायबरची बोट घेतली. तिला ११५ अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आहे. सध्या ती दुर्भाटला एका परिचिताच्या आवारात ट्रेलरवर उभी असते. ती घरी आणून ठेवावी, एरवी दुर्भाटलाच जुवारीत उतरवावी, अधूनमधून शिवोलीला शापोरा नदीत आणि वर्षातून एकदा मालवणला न्यावी, असा बेत आहे. माहितीपत्रकात बोटीचे वजन ६५० किलो दिले आहे. घरच्यांना पुढच्या चाकांवर चालणारी एक सात आसनी डिझेल एसयूव्ही आवडली असून ‘एवढे वजन ती हसत ओढेल’ असे विक्रेता सांगतो. धाकटा भाऊ इनोव्हा क्रिस्टा सुचवतो, तर मित्र वापरलेली फोर-बाय-फोर फॉर्च्युनर घे म्हणतो. कोणाचे ऐकावे, आणि टो-बार (ट्रेलर जोडायचा गाडीमागचा दांडा) बसवताना काय पाहावे?

उत्तर : आपल्या पत्रात सर्वांत महत्त्वाचा आकडा ६५० हा आहे आणि सर्वांत फसवाही तोच आहे. माहितीपत्रकात बहुधा साच्यातून निघालेल्या कोऱ्या बोटीचे वजन असते. त्यात इंजिन नसते, इंधन नसते आणि ट्रेलर तर नसतोच. ११५ अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन १७० ते १८० किलो भरते. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो, म्हणजे १२० लिटरची टाकी भरली की ९० किलो वाढले. दोन बॅटऱ्या, नांगर, साखळी, दोर, लाइफ जॅकेटे, बर्फाची पेटी आणि पिण्याचे पाणी यांचे सव्वाशे-दीडशे किलो कधी होतात ते कळतही नाही. जस्ताचा मुलामा दिलेला एका आसाचा ट्रेलर तीनशेच्या पुढे जातो. ही सगळी बेरीज १,३७० किलोंच्या आसपास येते, म्हणजे आपण धरून चाललात त्याच्या दुपटीहून अधिक.

म्हणून शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी बोट वजनकाट्यावर न्यावी. टाकी भरलेली, सामान चढवलेले, ट्रेलर गाडीपासून सोडवून पूर्ण काट्यावर उभा, असे वजन घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. मी स्वतःची बोट पहिल्यांदा काट्यावर चढवली तेव्हा ती माझ्या हिशेबापेक्षा ८० किलो जड निघाली. दोन पावसाळे आच्छादनाखाली उभ्या राहिलेल्या त्या बोटीच्या फळीखालचा फोम पाणी पिऊन बसला होता. तळाची बूच काढून ठेवली असती तर तो प्रकार झाला नसता, पण बूच काढायची असते हे आपल्याला नेहमी नंतरच आठवते.

वजन हाती आले की गाडीची मालक-पुस्तिका उघडावी. ट्रेलर ओढण्याची मर्यादा तिथे दोन आकड्यांत दिलेली असते, ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी एक आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी दुसरी. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या काही गाड्यांच्या पुस्तिकेत हे आकडे नसतात, काहींत ट्रेलर ओढूच नये असे लिहिलेले असते. अशा वेळी त्याच नावाच्या गाडीचा परदेशातला आकडा इंटरनेटवर शोधून समाधान मानू नये, कारण तिथल्या गाडीचे इंजिन, थंड करण्याची व्यवस्था आणि मागचे सस्पेन्शन वेगळे असू शकते. कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. विक्रेत्याच्या ‘हसत ओढेल’ला विमा कंपनीपुढे काही किंमत नाही.

आता मूळ निवड. इंजिनाच्या ताकदीवरून ती करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. क्रिस्टाच्या २.४ लिटर डिझेलचा टॉर्क (चाके फिरवण्याचा जोर) ३४३ न्यूटन-मीटर, तर २.८ लिटरच्या मॅन्युअल फॉर्च्युनरचा ४२०. फोंड्याहून दुर्भाटच काय, मालवणपर्यंतच्या रस्त्यालाही यांपैकी कोणतीही गाडी बोट नेईल. खरी कसोटी बोट पाण्यात उतरवायच्या उताराच्या, म्हणजे रॅम्पच्या शेवटच्या पंधरा मीटरांत लागते. गोव्यात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक सुमारे दोन मीटरांचा असतो. रॅम्पचा उतार सातास एक असेल, तर उंचीतले हे दोन मीटर उतारावर चौदा मीटर होतात आणि त्या चौदा मीटरांवर शेवाळ धरलेले असते. भरतीला बोट काढली तर गाडीची निदान पुढची चाके कोरड्या काँक्रीटवर असतात. ओहोटीला काढली तर अख्खी गाडी शेवाळावर उभी असते.

आकड्यांत सांगायचे तर १,७०० किलोंची एसयूव्ही आणि १,३७० किलोंचा ट्रेलर सातास एक उतारावरून वर खेचायला सुमारे ४४० किलोंचा जोर लागतो. चढावर गाडीचा भार मागे सरकतो, टो-बारच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर टेकतो त्या बॉलवरचे वजन पुढचा भाग आणखी उचलते, आणि ओढणाऱ्या पुढच्या चाकांवर जेमतेम ८०० किलो उरतात. म्हणजे त्या चाकांनी स्वतःवरच्या भाराच्या निम्म्याहून अधिक पकड धरली पाहिजे. ओले शेवाळ तेवढी देत नाही. २,१०० किलोंच्या फोर-बाय-फोर गाडीला जोर जास्त, सुमारे ४९५ किलोंचा लागतो. पण तो चारही चाकांत वाटला गेल्यामुळे भाराच्या पाव हिश्शाहूनही कमी पकडीत काम होते. शिवाय लो-रेंज (जास्त जोराचा, मंद गतीचा गिअर) असला की रिव्हर्समध्ये गोगलगायीच्या गतीने उतरता येते. लो-रेंज नसलेल्या मॅन्युअल गाडीत हेच काम अर्ध्या क्लचवर करावे लागते आणि क्लचप्लेट जळाल्याचा वास धक्क्यावरच्या सगळ्यांना येतो.

क्रिस्टाची मागची चाके ओढतात, चढावर त्यांच्यावर भार वाढतो, ही जमेची बाजू. पण शेवाळावर आधी जातात तीच चाके. भरती पाहूनच बोट काढण्याची शिस्त पाळणार असाल, तर क्रिस्टाचा विचार करता येईल. पुढच्या चाकांवर चालणारी एसयूव्ही या वजनासाठी घेऊ नये. पुस्तिकेतला आकडा आपल्या काट्याच्या पावतीला पुरून उरत असेल, तर मित्राचे ऐकावे. फॉर्च्युनरच पाहिजे असे नाही. वेगळी चॅसी आणि लो-रेंज असलेली कोणतीही डिझेल फोर-बाय-फोर याच पंक्तीत बसते. वापरलेली गाडी घेताना लो-रेंज घालून ती प्रत्यक्ष चढावर चालवून पाहावी, कारण ती कळ वर्षानुवर्षे न हललेली असण्याची शक्यता मोठी असते. पार्ट-टाइम, म्हणजे हवे तेव्हाच चारही चाके गुंतवता येणाऱ्या फोर-बाय-फोरचा आणखी एक फायदा असा की, हँडब्रेक सहसा मागच्या चाकांवरच असतो. ती चाके शेवाळावर असली तर ब्रेक लावूनही गाडी घसरते, मात्र फोर-व्हील गुंतवलेले असेल तर तोच ब्रेक चारही चाकांना धरतो. तरीही पुढच्या चाकांमागे लाकडी ठोकळे ठेवल्याशिवाय गाडीतून उतरू नये. फेरीबोटीच्या धक्क्यावर काम असेल तर फेरीला आधी वाट द्यावी, आणि ओहोटीला काँक्रीट पाण्याखाली कुठे संपते ते बांबूने चाचपून घ्यावे. ट्रेलरचे चाक त्या कडेवरून खाली गेले की पुढची भरती येईपर्यंत बसून राहावे लागते.

ओढण्याइतकाच प्रश्न थांबवण्याचा आहे. युरोपात ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत आणि आपण ती मर्यादा कायदा म्हणून नाही तरी शहाणपण म्हणून पाळावी. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात, ही यंत्रणा साधी आहे. मात्र खारे पाणी ड्रममध्ये जाते, म्हणून प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने आतून धुण्याची सोय करून घ्यावी.

बॉलवर पडणारा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के असावा. आपल्या बाबतीत ९५ किलो धरून चालावे. तो मोजायला न्हाणीघरातला वजनकाटा पुरतो : एक जाड फळी घेऊन तिचे एक टोक काट्यावर आणि दुसरे तेवढ्याच उंचीच्या विटेवर ठेवावे, बरोबर मध्यभागी बॉलच्या उंचीचा लाकडी खुंट उभा करून त्यावर कपलर (ट्रेलरच्या दांडीच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) टेकवावा, आणि काट्यावरचा आकडा दुप्पट करावा. फळी-खुंटाचा आकडा आधी टिपून वजा करावा. भार कमी भरला तर ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवू लागतो. तेव्हा विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून घेणाऱ्या चक्राचा) खांब सरकवून बोट थोडी पुढे घ्यावी किंवा मागचे सामान पुढे आणावे. चालत्या गाडीत शेपूट हलू लागलेच, तर ब्रेक दाबू नये, अॅक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग सरळ धरावे.

हे ९५ किलो गाडीवर ९५ म्हणून पडत नाहीत. बॉल मागच्या आसाच्या १.२ मीटर मागे आणि दोन आसांमधले अंतर २.७५ मीटर असेल, तर पुढच्या आसावरचे ४१ किलो उचलले जातात आणि मागच्यावर १३६ किलो वाढतात. त्यामुळे मागच्या टायरांत पुस्तिकेतली पूर्ण भाराची हवा भरावी आणि हेडलाइट खाली करावेत. मागे स्प्रिंगचा पाटा वाढवून घेतल्याने गाडी सरळ दिसते, परवानगीचा भार मात्र वाढत नाही.

टो-बार बंपरला किंवा नुसत्या मागच्या पत्र्याला अडकवलेला नसावा. तो चॅसीच्या दोन्ही दांड्यांना, कंपनीने दिलेल्या भोकांतून, ८.८ दर्जाच्या बोल्टांनी आणि टॉर्क रेंचने बसवलेला असावा. माझ्या पहिल्या गाडीला ग्रिल-गेट करणाऱ्या एका वेल्डरने सुबक टो-बार जोडून दिला होता. दोनशे किलोमीटरनंतर खाली वाकून पाहिले तर चारांपैकी दोन नट बोटांनी फिरत होते. तेव्हापासून पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळल्याशिवाय मी पुढे जात नाही.

कागदपत्रांबाबत थोडक्यात : मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार ट्रेलर हे वाहनच आहे, त्याची नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरवर दिसावा लागतो. टो-बार बसवण्यापूर्वी वाहतूक खात्याकडे कलम ५२ खाली विचारणा करावी व विमा कंपनीला कळवावे. बोटीची नोंदणी बंदर कप्तान खात्याकडे वेगळी असते, ती ट्रेलरला चालत नाही.

प्रश्न : माझा ट्रेलर परदेशी बनावटीचा, जुना आहे. म्हापशाला एका गतिरोधकावर कपलर बॉलवरून निसटला. साखळ्यांनी ट्रेलर धरला म्हणून निभावले. कपलरची कळ तर नीट लागलेली होती. असे का व्हावे?

उत्तर : कपलरच्या वरच्या बाजूला कोरलेला आकडा पाहा. अमेरिकी कपलर दोन इंचांचा, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा असतो. आपल्याकडे सर्रास मिळणारा बॉल ५० मिलिमीटरचा. हा पाऊण मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, कळही व्यवस्थित लागते, आणि खड्ड्यात कपलर उसळला की बॉल निसटतो. उलट जोडीत, म्हणजे ५०च्या कपलरमध्ये दोन इंची बॉल, कळ पूर्ण बसतच नाही. व्हर्नियरने बॉल तीन ठिकाणी मोजावा. ५० मिलिमीटरचा बॉल झिजून ४९वर आला असेल तर तो बदलावा. जोडणी झाल्यावर ट्रेलरचे पुढचे चाक फिरवून दांडी इतकी उचलावी की गाडीची मागची बाजू थोडी वर येईल. एवढ्याने कपलर सुटत नसेल, तरच चाक गुंडाळून निघावे. साखळ्या आपण लावल्या होत्या हे उत्तमच. त्या कपलरखाली एकमेकींना छेदून घ्याव्यात, म्हणजे दांडी सुटली तरी रस्त्यावर न आपटता त्या झोळीत राहते.

प्रश्न : बेतूलला साळ नदीत बोट उतरवतो. एका मोसमात ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग दोनदा गेले. गाडी जड आहे हे कारण असेल का?

उत्तर : गाडीचा त्यात दोष नाही. रस्त्यावरून आलेले हब, म्हणजे बेअरिंग बसवलेले चाकांचे मधले भाग, तापलेले असतात. ते थेट पाण्यात बुडवले की आतली हवा एकदम आक्रसते आणि सिलमधून खारे पाणी आत ओढले जाते. पोहोचल्यावर निदान पंधरा-वीस मिनिटे थांबावे, तेवढ्यात बोटीची तयारी होते आणि दिव्यांचा प्लगही काढून ठेवता येतो, नाहीतर तापलेले बल्ब पाण्यात तडकतात. ग्रीस पाण्याला टिकणारे मरीन जातीचे वापरावे आणि जूनमध्ये बोट वर काढली की बेअरिंग उघडून, धुऊन, नव्याने भरावे. प्रवासात पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर उतरून हबवर हात ठेवून पाहावा : कोमट ठीक, चटका बसला तर पुढे जाऊ नये. स्टेपनीसोबत बेअरिंग व ग्रीस भरून पिशवीत बांधलेला एक तयार हब गाडीत असू द्यावा, कारण रस्त्याच्या कडेला जुन्या हबमधून बेअरिंगची जळून चिकटलेली कडी ठोकून काढत बसण्यापेक्षा अख्खा हब बदलणे कितीतरी लवकर होते.