पदाआधी प्रश्न निवड

प्रिय विद्यार्थी मित्रा,

अनेक आशीर्वाद.

वकिली करू, राजकारणात उतरू की परराष्ट्र सेवेची परीक्षा देऊ, असं तू विचारलं आहेस. या तिन्ही वाटा एकाच आयुष्यात चाललेला एक माणूस मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे, म्हणून त्याच्याबद्दल लिहितो. आर्तुरो तोलेंतिनो, जन्म मनिलाचा, १९१०चा. फिलिपिन्सच्या नागरी संहितेवर त्यांनी अनेक खंडांचं भाष्य लिहिलं. पुढे ते प्रतिनिधिगृहात गेले, १९५७मध्ये सिनेटवर निवडून आले आणि १९६६-६७मध्ये सिनेटचे अध्यक्ष झाले. पदांची यादी इथेच थांबवतो, कारण तुझ्या कामाचं आहे ते त्यांच्या हातातलं एक प्रकरण.

नकाशा उघडून फिलिपिन्स बघ. सात हजारांहून जास्त बेटं आहेत. प्रत्येक बेटाभोवती स्वतंत्र सागरी पट्टा आखला, तर मधे खुल्या समुद्राचे तुकडे उरतात आणि परक्या युद्धनौका देशाच्या पोटातून बिनदिक्कत जाऊ शकतात. फिलिपिन्सचं म्हणणं असं, की सर्वांत बाहेरच्या बेटांची टोकं सरळ रेषांनी जोडा, आतलं सगळं पाणी आमचं. त्यासाठी १९६१मध्ये आधाररेषांचा, म्हणजे सागरी हद्द जिथून मोजायची त्या रेषांचा, कायदा झाला, तेव्हा तोलेंतिनो सिनेटमध्ये होते. पण आपल्या संसदेत केलेला कायदा जगानं का मानावा? १९७३ ते १९८२ चाललेल्या संयुक्त राष्ट्रांच्या तिसऱ्या समुद्र कायदा परिषदेत हेच पटवून द्यायचं होतं आणि फिलिपिन्सच्या शिष्टमंडळाची धुरा तोलेंतिनोंकडे होती. इंडोनेशिया, फिजी आणि मॉरिशस सोबत होते. समोर होत्या मोठी आरमारं असलेल्या महासत्ता. त्यांना वाट अडायला नको होती.

तडजोड कशी झाली ते बारकाईनं पाहा, कारण वकिलाचं कसब तिथे दिसतं. अशा आधाररेषांच्या आत पाणी आणि जमीन यांचं प्रमाण १:१ ते ९:१ असलं पाहिजे. एक रेषा १०० सागरी मैलांपेक्षा लांब नको, पण एकूण रेषांपैकी ३ टक्के रेषा १२५ मैलांपर्यंत चालतील. आतल्या पाण्यावर सार्वभौमत्व द्वीपसमूह राष्ट्राचं, मात्र परक्या जहाजांना ठरलेल्या मार्गांनी जाण्याचा हक्क. एवढं करूनही फिलिपिन्सची मोरो आखातावरची जुनी रेषा १२५ मैलांपेक्षा लांबच भरत होती. ती २००९मध्ये नव्या कायद्यानं बसवावी लागली. आपल्याला हवं ते सगळं मिळालं नाही तरी मुद्दा जगाच्या कायद्यात लिहून घ्यायचा, याला मी मोठं यश मानतो.

आता दुसरी बाजू, कारण तुझ्यापासून ती झाकणं बरोबर नाही. १९७२मध्ये फिलिपिन्सचे अध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला आणि सिनेट बंद पडलं. तोलेंतिनो समुद्राचं काम करत राहिले. तिथपर्यंत मला ते समजतं. १९८४मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले आणि मार्कोस यांच्याशी उघड मतभेद झाल्यावर पुढच्याच वर्षी पदावरून गेले. तरीही १९८६च्या निवडणुकीत त्याच मार्कोस यांच्याबरोबर उपाध्यक्षपदासाठी ते उभे राहिले. मार्कोस देशाबाहेर गेल्यानंतर, त्या जुलैमध्ये, मनिला हॉटेलात सैनिकांच्या गराड्यात त्यांनी स्वतःला हंगामी अध्यक्ष म्हणून घोषित केलं. दोन दिवसांत तो डाव मोडला. कायदेमंडळानं आपली निवड जाहीर केली आहे, हा त्यांचा आधार. कागद त्यांच्या बाजूनं होता. पण त्या मतमोजणीवर कुणाचा विश्वास नव्हता आणि लाखो माणसं रस्त्यावर उतरली होती, याची दखल त्यांच्यातल्या वकिलानं घेतली नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. १९९२मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा सिनेटवर पाठवलं, हेही लिहायला हवं.

म्हणून सांगतो, वकिली की राजकारण हा विचार तूर्त बाजूला ठेव. वीस वर्षं पुरेल असा एक प्रश्न शोध. कोकणातल्या मच्छीमारांच्या हद्दीचा असेल, नदीच्या पाणीवाटपाचा असेल. तो प्रश्न कधी तुला कोर्टात नेईल, कधी विधिमंडळात, कधी परदेशात. आणि कुणाच्या पंखाखाली काम करायचं नाही, हे पद समोर येण्याआधीच लिहून ठेव. समोर आल्यावर मन कारणं शोधू लागतं.

या महिन्यात एवढं कर. १९८२च्या समुद्र कायदा कराराचा चौथा भाग वाच. कलम ४६ ते ५४, फार मोठा नाही. मग सही करताना फिलिपिन्सनं जोडलेलं निवेदन वाच. द्वीपसमूहातलं पाणी आमच्या राज्यघटनेतल्या अंतर्गत पाण्यासारखंच आहे, असा दावा त्यात आहे. ऑस्ट्रेलियानं त्यावर आक्षेप घेतला होता, तोही काढ. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद तुझ्या शब्दांत, दोन-दोन पानांत, मराठीत लिहून पाठव. मी लाल पेन घेऊन बसतो.

तुझा,
सर