ड्रॅगचे, म्हणजे पुरुषांनी बाईच्या वेशात केलेले कार्यक्रम शाळकरी मुलांसमोर व्हावेत का? अमेरिकेत यावरून एवढा वाद का, आणि आपल्या शाळांत हे चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते आमच्या घरात घडलंय. चाललं नाही.

माझे बाबा खडी गंमतीत, म्हणजे विदर्भातल्या लोकनाट्यात, नाच्या होते, बाईच्या वेशात नाचणारे. गाव नागपूरजवळच्या मौद्याकडचं. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की रोज नवं गाव, रात्रभर उभ्याने गाणं आणि नाच. माझी मुलगी चौथीत असताना तिच्या नागपूरच्या शाळेने स्नेहसंमेलनाला लोककला हा विषय ठेवला आणि आपणहून बाबांच्या पार्टीला, म्हणजे त्यांच्या संचाला, बोलावलं. बाबा तेव्हा साठीला आलेले, तरी हरखून गेले. एका रिकाम्या वर्गात बाकावर आरसा टेकवून त्यांनी दोनदा दाढी घोटली, खोट्या केसांचं गंगावन बांधलं, नऊवारी लुगडं नेसताना नातीला निऱ्या धरायला लावल्या. ती पोरगी इतकी खुश होती की मैत्रिणींना एकेक करून दाराशी आणून आजोबा दाखवत होती. एकीलाही भीती वाटली नाही. एकीने फक्त विचारलं, बांगड्या टोचत नाहीत का?

तेवढ्यात शिपाई आला. ‘धोतरावर या म्हणतात.’ पालक समितीतल्या कोणीतरी हरकत घेतली होती, मुलांवर काय संस्कार होतील म्हणून. बाबांनी वाद घातला नाही. चाळ सोडले, गंगावन काढलं, सगळं पिशवीत भरलं आणि एसटी पकडून गावी गेले. शाहिरांनी नुसता गण म्हणून वेळ मारून नेली. त्याच स्टेजवर आधी तिसरीतल्या मुली सिनेमातल्या आयटम साँगवर कंबर हलवून गेल्या होत्या, त्याला वन्समोअर मिळाला होता. त्यावर समितीने चकार शब्द काढला नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पुरुषाने लुगडं नेसल्याने पोरं बिघडत नाहीत. काय गायलं, काय हावभाव केले, ते बघा. बालगंधर्वांनी उभी हयात स्त्रीभूमिका केल्या, घरंदाज बायका त्यांच्यासारखं नेसायला शिकल्या, सरकारने 1964 साली त्यांना पद्मभूषण दिलं. तोच वेश गरिबाने मंडईत केला की अश्लील कसा होतो?

अमेरिकेचं थोडक्यात सांगतो. तिथे 2015 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ड्रॅग कलाकारांनी वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवण्याचा उपक्रम सुरू झाला, तो पसरला, तशी निदर्शनं वाढली. टेनेसी राज्याने 2023 मध्ये मुलांसमोरच्या अशा सादरीकरणांवर निर्बंध आणणारा कायदा केला. खालच्या कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला, 2024 मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला, तोही दावा करणाऱ्यांना दाव्याचा हक्कच पोचत नाही या मुद्द्यावर. म्हणजे मूळ प्रश्न तसाच राहिला. त्यात निवडणुकीचं राजकारण भरपूर आहे.

आता हेही खरं की सगळंच मुलांसाठी नसतं. बारमधला रात्रीचा ड्रॅग शो मोठ्यांचाच. खडी गंमतीतही मध्यरात्रीनंतर दुअर्थी गाणी सुरू होतात. पण त्याआधी बाबा स्वतः पुढे बसलेल्या पोरांना उठवायचे, ‘पोट्टेहो, जा आता घरी, आता मोठ्याइसाठी हाये.’ कोणाला काय दाखवायचं, हे त्यांना कोणा समितीने शिकवायची गरज नव्हती. शाळेसाठी त्यांनी गवळण निवडली होती. विचारलं असतं तर आधी म्हणून दाखवली असती. तुमच्या मुलाच्या शाळेत असा प्रश्न आलाच तर एवढंच करा, आधी कलाकाराला भेटा, काय करणार ते ऐका, मग हो-नाही ठरवा.

हरकत घेणारे गृहस्थ आमचे सख्खे साडू होते, हे मला मागाहून कळलं. आजही लग्नाकार्यात भेटले की म्हणतात, ‘मी त्यांचा मानच राखला, नुसतं धोतर नेसायला सांगितलं.’ भाऊ, मान राखायचा होता तर त्या वर्गात तुम्ही स्वतः यायचं होतं. शिपायाला कशाला पाठवलं?