आधी आईचं ताट ठरवा

प्रश्न : ताई, येत्या 15 जूनला, सोमवारी, आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं होतात. त्या आठवड्यात आम्ही तिघं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीसला चार रात्री राहणार आहोत. त्या दिवशीचं रात्रीचं जेवण दोघांच्या कायम लक्षात राहावं असं वाटतं. तीन जागा डोळ्यांसमोर आहेत : अगदी समुद्रालगतचं रेस्टॉरंट, मिशेलिन या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचा तारा मिळालेलं एक, आणि जुन्या गावातलं एक छोटं घरगुती. सूर्य समुद्रात बुडताना जेवायला बसावं ही माझी फार हौस. बाबा मासे-मटण सगळं खातात. आई अंडंसुद्धा खात नाही, शिवाय तिचे गुडघे दुखतात. तिघांचे मिळून 180 युरो बाजूला काढलेत. कुठे नेऊ?
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : तुमच्या पत्रात आईचा उल्लेख शेवटी आलाय, पैशांच्या जरासा आधी. मी मात्र सुरुवात तिथूनच करणार आहे.

मी नागपुरात पंचवीस वर्षं फ्रेंच शिकवलं. सासूबाईंना घेऊन नीसला गेलो तेव्हा भाषा येतेच आहे म्हणून मी निर्धास्त होते. समुद्रासमोर टेबलांवर पांढरी कापडं, मेणबत्त्या दिसल्या आणि आम्ही जाऊन बसलो. आधी फोन केला नाही, काही विचारलं नाही. सासूबाईंसाठी भाज्यांचं सॅलड मागवलं, तर त्यावर खारवलेल्या बारीक माशांच्या पट्ट्या. परत पाठवलं. मासे तेवढे उचलून तीच बशी पुन्हा पुढ्यात आली. त्या काही बोलल्या नाहीत. पावाचा तुकडा मोडत म्हणाल्या, "तुम्ही जेवा, मला भूकच नाही." दिवसभर आमच्याबरोबर पायी फिरलेल्या बाईला भूक नसेल कशी? त्या रात्रीचा समुद्र मला आज आठवत नाही. त्यांच्या बोटांतला पाव आठवतो.

म्हणून जागा कोणतीही असो, आधी एकच गोष्ट विचारायची : माझ्या आईला तुम्ही काय वाढाल? जिथून नेमकं उत्तर येईल, ती तुमची जागा. "सॅलड देऊ" एवढंच उत्तर आलं तर ती सोडून द्या.

आता तुमची हौस. नीसचा किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे आणि जूनमध्ये सूर्य वायव्येला मावळतो. म्हणजे तो समुद्रात नाही, शहरामागच्या डोंगरांकडे जातो. समुद्रात बुडणारा सूर्य हवा तर पश्चिमेचा अटलांटिक किनारा, बियारित्झसारखं गाव गाठावं लागेल. शिवाय जूनच्या मध्यावर नीसला सूर्यास्त होतो रात्री सव्वानऊच्या सुमारास. आपल्याकडे सातलाच दिवेलागण होते. सव्वानऊपर्यंत आईला उपाशी ठेवू नका. तिथे रात्रीचं स्वयंपाकघर सात-साडेसातला उघडतं, आणि दुपारी अडीचपासून तोवर बहुतेक ठिकाणी गरम जेवण मिळत नाही. तुम्ही साडेसातचं टेबल घ्या.

दुसरी अडचण वाराची. तिथली बरीच छोटी, घरची माणसं चालवतात ती रेस्टॉरंट्स रविवारी रात्री आणि सोमवारी बंद असतात. 15 तारखेला जे उघडं सापडेल त्यात बसण्यापेक्षा मोठं जेवण मंगळवारी ठेवा. सोमवारी त्यांना आगगाडीने शेजारच्या व्हिलफ्रांशला न्या, दहा मिनिटांच्या आत पोचता. बंदराकाठी कॉफी घ्या, औक्षण खोलीवर करा.

तुमच्या तीन पर्यायांपैकी तारांकित जागेला माझा नकार आहे. तिथल्या स्वयंपाकाला मी मानते. पण रात्री बहुधा सात-आठ पदार्थांचा ठरलेला क्रम असतो, तो टेबलावरच्या सगळ्यांनी घ्यायचा असतो, तीन तास सहज जातात आणि 180 युरोंत तिघांचं भागणार नाही. तिन्ही तास आई प्रत्येक बशीकडे संशयाने बघत बसेल.

समुद्रालगतच्या जागेचं थोडं वेगळं आहे. नीसचा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. हाताच्या मुठीएवढे गुळगुळीत दगड, पाय ठेवला की सरकतात. दुखऱ्या गुडघ्यांना तो रस्ता नको, आणि रस्त्यावरून खाली किनाऱ्यावर उतरायला पायऱ्याही असतात. अशा ठिकाणी अख्ख्या माशाचा भाव पुष्कळदा शंभर ग्रॅमला लिहिलेला असतो. बाबांनी आकडा वाचून हो म्हटलं आणि मासा निघाला सातशे ग्रॅमचा, तर बिल सातपट. मासा मागवायचाच झाला तर आधी वजन विचारा, तिथे त्यात कोणाला वावगं वाटत नाही.

तर माझा कौल जुन्या गावाला. आणि यामागे खरं कारण नीसच्या चुलीचं आहे. हा मुलूख 1860 मध्ये फ्रान्सकडे आला. त्याआधी तो इटलीच्या बाजूचा, त्यामुळे जेवणात लोण्यापेक्षा ऑलिव्हचं तेल, भाज्या आणि हरभऱ्याचं पीठ जास्त. हरभऱ्याचं पीठ! सोक्का म्हणजे बेसन, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल एवढंच. हातभर रुंदीच्या तांब्याच्या परातीत पातळ ओततात आणि लाकडाच्या भट्टीत सरकवतात. वरून डाग पडतात, कडा करपून कुरकुरीत होतात, आत मऊ राहतं. खरवडून कागदावर देतात, वर भरपूर मिरपूड. हाताने खायचं. आई पहिल्या घासाला म्हणेल, धिरडंच आहे की! पानिस तर आपल्या पाटवडीची सख्खी बहीण : बेसन पाण्यात घोटून शिजवायचं, थापून थंड करायचं, कापायचं. आपण रश्श्यात सोडतो, ते तळतात. भोपळ्याच्या जातीतल्या कुर्जेत नावाच्या भाजीच्या फुलांची भजी असतात, पण त्या पिठात अंडं असू शकतं, विचारूनच घ्या. रातातुई, म्हणजे वांगी-टोमॅटोची एकत्र शिजवलेली भाजी, आईला चालेल. पिस्साल्यादिएर नावाची कांद्याची पोळी दिसायला निरागस असते, तिच्यावर तेच खारे मासे असतात. सालाद निस्वाज या नीसच्या सॅलडमध्ये मासे आणि अंडं दोन्ही. बाबांना मात्र दोब मिळेल, वाइनमध्ये तासन्तास शिजवलेलं गोमांस. ते चालत नसेल तर भाजलेला मासा घ्या.

दारावर दोन खुणा बघा. एक, "क्विझीन निसार्द" अशी पाटी, म्हणजे तिथे नीसचे पारंपरिक पदार्थ रीतीप्रमाणे करतात. दुसरी, घराचं छप्पर झाकण म्हणून ठेवलेल्या भांड्याचं चित्र. 2014 पासून फ्रान्समध्ये ही खूण कच्च्या मालापासून तिथेच शिजवलेल्या पदार्थासाठी आहे. भाव बाहेर लावणं बंधनकारक आहे, त्यामुळे आत जाण्याआधी हिशेब करता येतो. सेवेचा आकार भावातच धरलेला असतो, वर बक्षिशी देणं तुमच्या मनावर. पाण्याची बाटली घ्यायची गरज नाही, "कराफ दो" म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं. 180 युरोंत तिघांचं नीट जेवण होईल.

टेबल राखून ठेवतानाच तळघरातलं किंवा वरच्या मजल्यावरचं नको म्हणून सांगा. जुन्या गावातल्या घरांचे जिने अरुंद आणि उभे असतात.

आता मेल. आत्ताच पाठवा, फ्रेंचमध्ये पाठवा, आणि "शाकाहारी" या एका शब्दावर विसंबू नका, कारण कोणी त्यात मासे धरतं. स्पष्ट लिहा : आई मांस, मासे, अंडं खात नाही आणि मांसाचं पाणी घातलेलं सूपही नाही. तोंडी सांगायचं तर, "नी व्हियांद, नी प्वासाँ, नी अफ." पुष्कळ चीजमध्ये दूध साकळवायला वासराच्या पोटातलं रेनेट घातलेलं असतं, ते आईला चालतं का हे घरी आधीच विचारून घ्या. गोडाबद्दल वेगळं विचारा, तिथल्या बहुतेक गोडात अंडं असतं. लिंबाचं सोर्बे, म्हणजे बिनदुधाचं फळाचं आइस्क्रीम, किंवा ताजी स्ट्रॉबेरी मागा. 40 वर्षं झाली हेही लिहा.

नऊच्या सुमारास जेवण आटोपेल. जुन्या गावातून समुद्राकाठचा मोठा रस्ता दोन मिनिटांवर आहे. पश्चिमेला पुढे त्यालाच प्रोमनाद देझांग्ले म्हणतात. तिथे निळ्या खुर्च्या ठेवलेल्या असतात, कोणीही बसावं, पैसे नाहीत. पाणी तेव्हा निळ्यावरून करड्याकडे जात असतं आणि उजेड अजून शिल्लक असतो. आई-बाबांना तिथे शेजारी शेजारी बसवा आणि तुम्ही थोड्या मागे राहा. आईची शाल बरोबर असू द्या, वारा येतो.