मालवणच्या कौलारू घरात प्रेमगीतांचा पॉप अल्बम कसा रेकॉर्ड करावा?

तुमचा प्रश्न असा आहे: प्रेम, रुसवा, विरह अशी आठ गाणी तयार आहेत, संगीत मित्र लॅपटॉपवर बसवणार, गाणार तुम्ही. घर समुद्राजवळ आणि कौलारू. जूनमध्ये आवाज भरायला घेऊन 14 फेब्रुवारीला अल्बम आणायचा आहे.

जूनमध्ये आवाज भरू नका. अशा अल्बमात ऐकणाऱ्याला गाणारा कानाशी बोलतोय असं वाटायला हवं. त्यासाठी हळू गावं लागतं, माइकजवळ गावं लागतं आणि गेन (माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण) वाढवावा लागतो. गेन वाढला की कौलांवरचा पाऊसही तितकाच वाढतो. पावसाचा आवाज जवळजवळ सगळ्या कंप्रतांवर पसरलेला असतो, त्यामुळे तो नंतर काढायला गेलात की आवाजातला श्वासही निघून जातो. रातकिड्यांचं दुखणं वेगळं. त्यांची किरकिर साधारण 3 ते 8 किलोहर्ट्झमध्ये असते, आणि तुमचे ‘स’, ‘श’ही तिथेच.

म्हणून पावसाळ्यात प्रोग्रॅमिंग (लॅपटॉपवर संगीत बसवणं), चाली आणि शब्द पक्के करा. आवाज नोव्हेंबरात सुरू करून 20 डिसेंबरच्या आत संपवा, कारण नाताळला मालवणात पर्यटकांची गर्दी आणि स्पीकर. आपल्याकडे जत्राही कार्तिकापासूनच सुरू होतात. आसपासच्या गावांच्या जत्रेच्या तारखा आधी विचारून ठेवा, दशावताराच्या रात्री रेकॉर्डिंग ठेवू नका. गाज कमी हवी असेल तर ओहोटीची वेळ गाठा.

पट्टी ठरवताना बहुतेक जण सर्वांत वरचा सूर लागतो का ते पाहतात. प्रेमगीतात मी उलट सांगेन: सर्वांत खालचा सूर कुजबुजल्यासारखा गाऊन बघा. तिथे नुसती हवा येत असेल तर पट्टी अर्धा किंवा एक सूर वर न्या. प्रत्येक गाणं तीन पट्ट्यांत फोनवर भरा आणि दुसऱ्या दिवशी ऐकून ठरवा. हे प्रोग्रॅमिंगच्या आधीच व्हायला हवं. नंतर पट्टी बदलली की मित्राने वाजवून भरलेली गिटार पुन्हा भरावी लागते.

खोली लहान पण रिकामी नको. चिऱ्याच्या भिंतीवर गिलावा असेल तर आवाज आपटून परत येतो. तुमच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या किंवा गाद्या उभ्या करा, भिंतीपासून वीतभर पुढे. पाठीमागची गादी सर्वांत महत्त्वाची, कारण माइकचं तोंड तिकडेच असतं. पंखा बंद, फ्रिज बंद. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. इन्व्हर्टर किंवा खराब अर्थिंगमुळे येणारी घरघर बऱ्याचदा एवढ्यानेच जाते.

कंडेन्सर माइक (बारीकसारीक आवाजही टिपणारा) उत्तम, पण खोली नीट झाकता येत नसेल तर एसएम58 सारखा डायनॅमिक माइक घ्या. तो खोली कमी पकडतो आणि दमट हवेला फारशी दाद देत नाही. मात्र हळू गाण्यासाठी त्याला भरपूर गेन लागतो, आणि स्वस्त इंटरफेसमध्ये (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीत) तिथे हिस्स, म्हणजे सूं असा आवाज येतो. कंडेन्सरच्या पडद्यावर ओल बसली की विद्युतभार गळतो आणि मध्येच चरचर, टपटप ऐकू येते. काम झालं की तो हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. नारिंगी दाणे हिरवे पडले की बदला. एसीतून दमट खोलीत आणलात तर अर्धा तास तसाच राहू द्या, मग इंटरफेसवरचं कंडेन्सरला वीज देणारं 48 व्होल्टचं बटण दाबा. खाऱ्या वाऱ्याने केबलच्या पिनाही काळवंडतात, त्या अधूनमधून पुसा.

माइक तोंडापासून 15 ते 20 सेंटिमीटर. त्याहून जवळ गेलात तर खर्ज फुगतो. एखाद्या ओळीत ते गोड वाटतं, पण ओळीगणिक अंतर बदललं तर आवाजाचा पोतच बदलत राहतो. प्रेमाचे आपले शब्द बघा: प्रेम, भेट, भास, फूल. सगळे ओठांतून हवा फेकणारे. म्हणून पॉप फिल्टर (माइकसमोरची जाळी) लावाच, आणि माइक नाकाच्या उंचीला घेऊन किंचित खाली झुकवा.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 24 बिट, 48 किलोहर्ट्झ आणि बफर 128 ठेवा, म्हणजे हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येत नाही. सर्वांत मोठा आवाज उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. हेडफोन बंद कपांचे घ्या. तरी हळव्या ओळींत क्लिकची (हेडफोनमधल्या तालाच्या ठोक्याची) टकटक माइकमध्ये शिरते, तिथे क्लिक कमी करा. आधी चार-पाच पूर्ण टेक, मग फक्त चुकलेल्या ओळी, आणि त्या शक्यतो त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशीचा गळा वेगळा असतो.

ऑटोट्यून (सूर आपोआप सुधारणारं सॉफ्टवेअर) सरसकट लावू नका. त्यात मींड पायऱ्यापायऱ्यांची होते आणि हरकती सपाट होतात. सूर हातानेच, हवा तिथेच सुधारा. डबल ट्रॅक (तीच ओळ दुसऱ्यांदा गाऊन पहिल्या आवाजावर ठेवणं) मुखड्यापुरता. अंतरा एकट्या आवाजाचा असू दे. रिव्हर्बला (घुमाऱ्याला) 20 ते 40 मिलिसेकंद प्री-डिले दिला, म्हणजे तो तेवढा उशिरा सुरू केला, की आवाज पुढे राहतो, पसारा मागे जातो. शेवटी ट्रू पीक (आवाजाचं सर्वांत वरचं टोक) उणे 1 डेसिबल आणि एकूण पातळी उणे 14 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास. स्पॉटिफाय तसंही पातळी तिथे आणतं, त्यासाठी गाणं दाबून ठोकू नका.

क्रम लावताना आठही गाण्यांची लय आणि पट्टी एका कागदावर लिहा. शेजारची दोन गाणी एकाच पट्टीत आणि लयीत पाच बीपीएमच्या (मिनिटाला ठोके) आत असतील तर ऐकणाऱ्याला एकच लांबलेलं गाणं वाटतं. विरहाची तीन गाणी सलग ठेवू नका. घरी मालवणी बोलत असाल तर रुसव्याचं गाणं मालवणीत करून बघा. ‘माका’, ‘तुका’ म्हणताना तोंड जितकं सैल सुटतं, तितकं ‘मला’, ‘तुला’ला सुटत नाही.

मिक्स जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात संपवा आणि फाइल्स चार आठवडे आधी वितरकाकडे (गाणी ऑनलाइन सेवांवर पोहोचवणाऱ्याकडे) द्या. मुखपृष्ठ 3000 गुणिले 3000 पिक्सेल, आणि प्रत्येक गाण्याला वेगळा आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा) क्रमांक. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण कोणाच्या मालकीचं, हे मित्राबरोबर आताच कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. गीतकार आणि संगीतकार म्हणून दोघेही आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासद होऊ शकता. 2012 च्या कॉपीराइट कायद्याच्या दुरुस्तीने रॉयल्टीतला गीतकार-संगीतकारांचा वाटा तुमच्यासाठी राखून ठेवला आहे.