फवारणीच्या औषधांनी कॅन्सर होतो का? आणि पंचकर्माने ते विष शरीरातून निघतं का?

सगळ्याच औषधांनी होतो असं नाही, पण काहींचा संबंध आहे. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने २०१५ मध्ये लिंडेन या कीटकनाशकाला कॅन्सरकारक ठरवलं, आणि ग्लायफोसेट, तसंच मॅलॅथिऑन हे कीटकनाशक, यांच्यामुळे कॅन्सर होण्याची बरीच शक्यता आहे असं म्हटलं, ग्लायफोसेट म्हणजे आपल्याकडे सर्रास मारतात ते तणनाशक.

आयुर्वेदात याच्या जवळ जाणारी कल्पना म्हणजे दूषीविष. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, म्हणजे विषांवरच्या भागात, आहे बघा, जे विष कमी ताकदीचं म्हणून लगेच मारत नाही पण कफाने झाकलं जाऊन वर्षानुवर्षं अंगात राहतं आणि मग हवा, खाणंपिणं बिघडलं की उसळतं. मला हा विचार फार मोलाचा वाटतो कारण थोडं थोडं रोज अंगात जाणं हाच तर खरा धोका आहे.

पण म्हणून पंचकर्मातलं वमन-विरेचन (उलट्या-जुलाब) करून कीटकनाशक धुऊन निघतं किंवा गाठ विरघळते असं कुणी सांगितलं तर कृपा करून विश्वास ठेवू नका. गाठ दिसली की आधी बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणी), उपचार ऑन्कोलॉजिस्टकडे (कॅन्सरतज्ज्ञाकडे), वैद्यांचं औषध घ्यायचं तर या कॅन्सरतज्ज्ञाला सांगूनच. आणि फवारताना हातमोजे, मास्क घालाच, वाऱ्याच्या उलट दिशेने मारू नका, रिकामे डबे घरात पाण्याला अजिबात वापरू नका.